मागे सरकणारा बाक

वर्गात कोण कोणाला आवडतं आणि कोण नकोसं वाटतं, हे मोजायला समुपदेशक आले होते. पहिलीच्या मुलांना अजून नीट लिहिता येत नव्हतं, म्हणून एकेकाने पुढे येऊन बाईंच्या कानात सांगायचं होतं : माझ्या शेजारी कोण नको.

"चिमणी नको, बाई. सारखं नाक ओढते," पहिली मुलगी कुजबुजली.

मागे बाक करकरला. चिमणी हाताची घडी घालून बसली होती, तिचे पाय जमिनीला पोचतही नव्हते. तरी तिचा बाक रांगेतून हातभर मागे गेला होता.

"चिमणीच," पुढचा मुलगा म्हणाला. "आता चॉकलेट देणार ना?"

पुन्हा तीच करकर. वर्गातलं कुणीही वळून बघत नव्हतं.

"सर, थांबवू या का?" बाईंनी हळूच विचारलं.

"अहो बाई, किती स्पष्ट निकाल येतोय!" बाईंनी टिपलेली नावं बघत समुपदेशक खुशीत म्हणाले.

बाईंनी मान खाली घातली आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

सगळी मुलं संपली तेव्हा बाक मागच्या भिंतीला टेकला होता. चिमणी तिथून बाईंकडेच बघत होती, आता बाई बोलावतील अशा खात्रीने.

"तुमचं मत राहिलं, बाई," समुपदेशक म्हणाले.

कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही, हे बाईंचं रोजचं व्रत. त्यांनी ओठ घट्ट मिटले. मनात मात्र ते वाहतं नाक आलं, तो मळका फ्रॉक आला.

बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. तरी बाक करकरला, आणि भिंतीला टेकलेला असूनही हातभर मागे गेला.