पेटीला कुलूप

केसांच्या पिनांचं महिन्याभरातलं हे चौथं पाकीट संपलं होतं आणि पोरीचे केस मात्र मोकळेच. आईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पहिल्या पाकिटाला ती हरखली होती. चौदाव्या वर्षी का होईना, लेकीला नटावंसं वाटलं. आता ती पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून बसली होती. पेटीला कुलूप होतं.

"उघडा," ती नवऱ्याला म्हणाली. "ती शाळेतून यायच्या आत."

"तिलाच विचार की आधी."

"विचारलं. उडवाउडवी करते. दार लावून बसते, बोटांवर ओरखडे असतात. मला तर कुणा पोराची भानगड दिसते."

नवरा कुलपं दुरुस्त करणारा. कुणाचंही दार अडलं की लोक त्यालाच बोलावत. हे कुलूपही त्याच्याच दुकानातलं, मोडीत टाकलेलं. "दोन मिनिटांचं काम," म्हणून तो खाली बसला. दहा मिनिटं झाली. त्याने चष्मा पुसला, तार बदलली. कुलूप ढिम्म हललं नाही.

"आतून बदललंय कुणीतरी," तो हळूच म्हणाला. "हात सराईत आहे."

"बघा. म्हटलं नव्हतं मी?" आईचा चेहरा उतरला. "असल्या पोराच्या नादी लागलीये."

"करवतच आणतो," म्हणून तो उठला, तर दारात लेक उभी. दप्तर अजून खांद्यावरच होतं. करवतीचं ऐकून तिचं तोंड एवढंसं झालं. पेटीचं कुलूप गेलं असतं, तर तिच्यापाशी स्वतःचं म्हणावं असं काहीच उरलं नसतं.

"कापू नका, बाबा. मी उघडते."

तिने खिशातून वाकवलेली पिन काढली. बघता बघता कुलूप सुटलं. आत कुलपंच कुलपं. तळाशी मण्यांच्या माळा करायचा संच होता, वाढदिवसाला दिलेला. त्याचा कागदही फाडलेला नव्हता.

"शिकवलं कुणी तुला?" बापाला अजून खरं वाटत नव्हतं. "दादाने?"

"दादाला कुठे येतंय अजून? तुम्ही रविवारी त्याला शिकवता, तेव्हा बॅटरी मीच धरते ना."

बाप खजील झाला. चार वर्षं तो पोराच्या हातांकडे बघत होता. बॅटरी कुणाच्या हातात आहे, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

पोराची भानगड नाही म्हणून आईला जरा हायसं वाटलं. पण मग तिची नजर कपाटावर गेली, तिथून बाहेरच्या दाराकडे.

"पोरीच्या जातीला हे असलं नको," ती म्हणाली. "उद्याच्या उद्या घरातली सगळी कुलपं बदलून टाका."

बापाने ते कुलूप उजेडात धरून पुन्हा एकदा नीट पाहिलं.

"बदलू की," तो म्हणाला. "पण तिच्याकडूनच बदलून घ्यावी लागतील."