कच्चं इंग्लिश

हळदीकुंकवाच्या गर्दीत नकुलने रेणूकाकूंच्या गौरीच्या गळ्यातली मोहनमाळ लांबवली होती. कोर्टात तो रडत म्हणाला, “चूक झाली. मला जेलऐवजी आर्मीत जाऊ द्या.” केस आधीच बारीक कापून आला होता, पोराच्या डोक्यावरची लहानपणची खोक त्याच्या आईला, सुलेखाला, मागच्या बाकावरूनही दिसली. नवऱ्याचा चेहरा मात्र उजळला. चोराचा बाप म्हणून अमेरिकेतल्या मराठी मंडळात तोंड दाखवायची सोय उरली नव्हती. सैनिकाचा बाप म्हणून मिरवता आलं असतं. जजने आईलाही विचारलं. टीव्हीवर रोज इराकमध्ये मेलेल्या पोरांचे फोटो बघणारी सुलेखा उठली. “प्लीज सर, जेल. ओन्ली जेल.” जज गोंधळला. नवरा घाईघाईने हसला, “तिला आर्मी म्हणायचंय, युअर ऑनर. तिचं इंग्लिश जरा कच्चं आहे.” जजने हसून नकुलची विनंती मान्य केली. सुलेखा खाली बसली. जेलला मराठीतही जेलच म्हणतात.