धुराड्यावरचं तिसरं पिल्लू

"आता चढा," बाबा म्हणाले आणि अग्निशमन दलाची शिडी धुराड्याकडे सरकू लागली.

एवढं ऐकण्यासाठी त्यांच्या मुलीने जिवाचा आटापिटा केला होता. ती जनावरांची डॉक्टर. बंद पडलेल्या गिरणीच्या धुराड्यावर करकोच्यांचं घरटं होतं, त्यात तीन पिल्लं, आणि तिसऱ्याचा पाय घरट्यातल्या कसल्याशा गुंत्यात अडकला होता. भावंडं उभी राहून पंख झाडायची, हे बसल्या बसल्या झाडायचं. खालून तेवढंच कळत होतं.

"मला वर जाऊ द्या. कापलं की सुटेल," ती म्हणाली होती.

"आणि बाकीची दोघं? माणसाचं डोकं काठावर दिसलं की घाबरून उडी टाकतील. पंखांत अजून बळ नाही त्यांच्या. एकाला सोडवायला जाऊन तिन्ही घालवायची का?" बाबांनी तिला अडवलं होतं.

बोलणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. अशा वेळी घरट्याजवळ फिरकू नये, हे तिने स्वतःच कितीदा लोकांना सांगितलं होतं. आणि घरट्याची राखण करणाऱ्या गावच्या मंडळींत बाबांचा शब्द शेवटचा. जन्मभर त्यांनी ताडपत्र्या शिवल्या, हातपाय थकल्यावर दुकान बंद केलं आणि गळ्यात दुर्बीण अडकवून धुराड्यासमोर खुर्ची टाकून बसले. लोक त्यांना 'धुराड्याचे मालक' म्हणायचे. ड्रोन उडवायला आलेल्या एका हौशी माणसाला त्यांनी असं काही झापलं होतं, की तो बिचारा ड्रोन तिथेच टाकून पळाला.

त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं तुटलं. ती डबा आणून खुर्चीशेजारी ठेवायची आणि तोंडातून अक्षर न काढता निघून जायची. संध्याकाळी डबा बहुधा भरलेलाच परत मिळायचा. पोरीच्या रागाने म्हाताऱ्याला जेवण जात नाही, असं सगळे म्हणायचे. तिलाही तसंच वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटायचं.

काल दोन्ही मोठी पिल्लं उडाली. चांगली गिरणीला वळसा घालून आली. खाली जमलेल्यांनी टाळ्या पिटल्या. बाबांनी दुर्बीण खाली ठेवली आणि अग्निशमन दलाला स्वतः फोन लावला.

जवानाने तिसरं पिल्लू गोणपाटात गुंडाळून खाली आणलं. "जिवंत आहे, ताई," तो म्हणाला. तो बिचारा खूश होता.

तिने गोणपाट उघडलं. पाय गुडघ्याखाली काळा पडला होता आणि सड मांडीच्याही वर चढली होती. एका पायावर उभा राहिलेला करकोचा चित्रात शोभतो. एकच पाय उरलेला करकोचा जगत नाही. त्यातून इथे पाय कापूनही सड थांबणार नव्हती. मांसात रुतलेली दोरी तिने कात्रीने कापली, बाजूला काढली आणि तिचा हात तिथेच थांबला.

दोरी नारिंगी नायलॉनची होती. धुराड्याभोवती बांधलेलीही तीच. मादी अंड्यांवर बसली तेव्हा माणसं लांब राहावीत म्हणून बाबांनी ती स्वतः बांधली होती, आणि लांबून दिसावी म्हणून मुद्दाम हा रंग निवडला होता. तुकड्याच्या टोकाला अजून गाठ होती. ओढू तशी आवळत जाणारी, ताडपत्रीवाल्यांची गाठ. एखादी गाठ मनासारखी बसली नाही की ते ती कापून तिथेच टाकायचे आणि नव्याने बांधायचे. दुकानात आयुष्यभर हेच केलं होतं. घरट्यात अंथरायला करकोचे जमिनीवरचं काय वाटेल ते उचलून नेतात, हे अख्ख्या गावाला समजावून सांगणारा माणूस. पण हात जुन्या सवयीचे होते.

तिने मूठ मिटली आणि दोरी खिशात सारली. इतक्या दिवसांचा राग कुठल्या कुठे गेला. आता फक्त हे बाबांना कळू नये, एवढंच तिला वाटत होतं.

"कसली दोरी होती?" जवानाने विचारलं.

"काय माहीत. वाऱ्याने आलेली असेल कुठली तरी."

मग तिने इंजेक्शन भरलं. पिल्लाचं डोकं तिने तळहातावर घेतलं. त्याने एकदा चोच उघडली, सवयीने, कोणी काही भरवेल म्हणून. सुई टोचताना ती रडत होती आणि तिने ते लपवलं नाही. वर नर-मादी धुराड्याभोवती घिरट्या घालत होती.

गाडी गेली, माणसं पांगली. बाबा खुर्चीतून उठले नव्हते.

"दाखव," ते म्हणाले.

"टाकून दिली, बाबा. कचराच होता."

"दुर्बिणीतून रंग दिसतो, बाळ. मला पहिल्यापासून माहीत आहे."

ती त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसली. विचारू नये असं वाटत असताना तिने विचारलं, "मग मला वर का नाही जाऊ दिलंत?"

"त्या दोघांसाठी." बाबा धुराड्याकडे बघत होते. "त्यांच्या जिवासाठीच अडवतोय, ही दोरी कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून नाही, असं रोज स्वतःला सांगत होतो. म्हटलं, दोघं सुखरूप उडाली की माझी मलाच खात्री पटेल."

तिने त्यांचा हात धरला.

"काल उडाली," बाबा म्हणाले. "तरी नाही पटली."