ताईच्या नावाची डबी

तीन आठवडे ताईचा खोकला थांबत नव्हता. ती कॉलेजच्या लॅबमध्ये टीबीच्या जंतूंवर काम करायची, तेही साधा कापडी मास्क लावून. जंतू हवेत उडू नयेत म्हणून लागणारं बंद कपाट कॉलेजला काही परवडलं नव्हतं. आता तिला मोठ्या शहरातल्या लॅबची फेलोशिप मिळाली होती. थुंकीचा रिपोर्ट तेवढा जोडायचा राहिला होता.

सकाळी उठल्या उठल्या तिने माझ्यापुढे डबी धरली. डबीवर तिचं नाव.

"यात थुंक. नीट खोकून, आतून काढ."

"मी कशाला? रिपोर्ट तुझा हवाय ना!"

"माझ्यात काही निघालं तर फेलोशिप गेली. तिकडे पोचले की पहिल्या दिवशी डॉक्टर गाठते, शपथ. दहावीआधीच शाळा सोडलीस, तेव्हा शाळेवर थुंकलीसच ना? मग डबीत थुंकायला काय होतंय?"

असा राग आला, वाटलं डबी तिच्याच डोक्यात घालावी. पण तेवढ्यात तिला पुन्हा खोकल्याची उबळ आली. मी थुंकले.

चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. तो वाचून ताई रडायलाच लागली. मी तिच्या हातातून ओढून घेतला. टीबीचे जंतू सापडले होते.

मला तर साधा खोकलाही नव्हता.

"रडू नकोस गं, औषधं असतात, बरी होशील," आई म्हणाली, आणि चुकीच्या पोरीची पाठ थोपटत राहिली.