पांढऱ्या मातीचा वास

झुंबरबाईने घमेल्यात पांढरी माती भिजवली, चिंधीचा बोळा हातात घेतला आणि भिंतीपुढे तशीच उभी राहिली. भिंतीवर डीडीटीचे फिकट ओघळ वाळले होते.

"आगं, मार की हात," शेजारची राहीबाई दारातून म्हणाली. "लेक उद्या दिवाळीला यायची, न् भिंती या आशा? लोक म्हनतील, आई हाय का सावत्र?"

लेकीचा, बनूचाच तसा निरोप होता. सोनईच्या बाजारात जावई भेटला, तेव्हा लाजत लाजत त्याने सांगितला. सासरच्या चुन्याच्या घरात तिला पांढऱ्या मातीच्या वासाचे डोहाळे लागले होते. आईला म्हणावं, मी यायच्या आत घर सारवून ठेव.

पण फवारणीवाले दसऱ्याला बजावून गेले होते, "दिवाळीला सारवू नका, मावशी. औषध मातीखाली गेलं, की डास मोकळे." शेतात पाटाचं पाणी खेळायला लागल्यापासून वाडीत घरटी एक जण थंडीतापाने कुडकुडत होता. आणि बनूला सातवा लागलेला.

"समद्या वाडीनं सारवलं," राहीबाई म्हणाली. "डास काय तुझ्याच घरचे पाव्हणे हायेत व्हय?"

"तुमची घरं सजवल्याली. तिकडंच ऱ्हातील."

राहीबाई हसत गेली. झुंबरबाईने बोळा घमेल्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बनू बैलगाडीतून उतरली. उंबऱ्यात थांबून तिने डोळे मिटले आणि ऊर भरून श्वास घेतला. मग डोळे उघडून भिंतींकडे पाहिलं.

"आई, निरोप न्हाई का मिळाला?"

"मिळाला."

बनू चहासुद्धा न घेता आईकडे पाठ करून वाकळेवर पडली.

झुंबरबाईने परसातून घमेलं आणलं, तिच्या उशाशी ठेवलं आणि शेजारी बसली. "तुला ताप आला तर म्या काय करू? तू मोकळी हो. मग समदं घर सारवीन."

बनू वळली. तिने मातीत बोटं बुडवून नाकाशी नेली. मग आईचा हात ओढून घेतला आणि कोपरापासून मनगटापर्यंत, भिंतीला देतात तसा, मातीचा हात दिला. त्यावर नाक टेकून ती पडून राहिली.

"हलू नगं," ती म्हणाली. "वाळू दे."