तीन चिमटे

मॅडम यायला दहा मिनिटं उरली होती, तेव्हा आईने फ्रिजच्या दारावरचा मुंगीचा चिमटा लालवरून काढला आणि हिरव्यावर लावला.

असं करायचं नाही, हाच शाळेच्या उपक्रमाचा पहिला नियम होता. शाळेने दिलेल्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर खाली हिरवा, मध्ये पिवळा आणि वर लाल रंग होता. सोबत कपडे वाळत घालायचे तीन चिमटे: एकावर आई, एकावर बाबा, एकावर मुंगी असं लिहिलेलं. रोज जेवणाआधी प्रत्येकाने आपला चिमटा आपल्या हाताने लावायचा. मन शांत असेल तर हिरव्यावर, राग असेल तर लालवर. दुसऱ्याच्या चिमट्याला हात लावायचा नाही. पट्टी बाबांनी चिकटवली, ती स्वतःच्या उंचीला. आठ आठवड्यांत त्यांचा आणि आईचा चिमटा हिरव्यावरून तसूभर हलला नव्हता. मुंगी मात्र उठसूट स्टूल ओढायची आणि आपला चिमटा लालवर नेऊन ठेवायची.

मुंगी हे लाडाचं नाव. वय सात. तिने वर्गातल्या मैत्रिणीच्या दंडाला कडकडून चावा घेतला, तेव्हापासून हे नाव घरात जरा हळूच घेतलं जायचं.

आज शेवटची भेट होती. शाळेच्या समुपदेशक मॅडम घरी येऊन पट्टी बघणार, चार शब्द बोलणार आणि कागदावर सही करणार. सही झाली तर मुंगी सोमवारी पुन्हा वर्गात बसणार. नाही झाली तर दुसरी शाळा शोधा, असं मुख्याध्यापकांनी तोंडावर सांगितलं होतं.

बेल वाजली. बाबांनी हसतमुखाने दार उघडलं, खुर्ची पुढे केली, पंखा वाढवला. पाहुण्यांसमोर बाबांइतका गोड माणूस शोधून सापडला नसता. आमच्याकडे सगळं हिरवंगार आहे बघा, असंही ते म्हणाले आणि स्वतःच हसले. आईने चहाचे कप इतके जपून ठेवले की बशीचाही आवाज झाला नाही.

मॅडमनी पट्टी पाहिली. तिन्ही चिमटे शहाण्यासारखे हिरव्यावर बसले होते. मग त्यांची नजर शेजारच्या स्वयंपाकघराच्या दारावर गेली. दाराची एक काच नवी होती, ती बसवताना कडेला भरलेली लांबी अजून पांढरीशुभ्र होती.

"वाऱ्याने आपटलं दार," आई म्हणाली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

मॅडमनी मुंगीला बोलावलं. मुंगी आली, फ्रिजकडे पाहिलं आणि थबकली. मग तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढत आणलं, त्यावर चढली आणि आपला चिमटा होता तिथे, लालवर, लावला.

आठ आठवडे पाण्यात, असं आईला वाटलं.

मॅडमनी कागद मांडीवर ठेवला. पेनाचं टोपण उघडंच होतं. आत्ता तुला कुणाचा राग आलाय का, असं त्यांनी मुंगीला विचारलं. मुंगीने मान हलवली. नाही.

"मग लालवर का लावलास?"

"मला नाही आलेला. सकाळी बाबांना आला होता," मुंगी म्हणाली. गृहपाठ सांगावा तशी सांगत होती. "ते त्यांचा लावत नाहीत. आणि दुसऱ्याच्या चिमट्याला हात लावायचा नसतो. म्हणून मी माझा लावते."

"रोज?"

"त्यांना आला की."

आईने आपल्या कपाकडे पाहिलं. इतके दिवस जे तोंडातून बाहेर पडू दिलं नव्हतं, ते गिळायला आता तिच्याकडे घोटभर चहाही उरला नव्हता. सही गेली तर जाऊ दे, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

"काच वाऱ्याने नाही फुटली," ती म्हणाली.

मॅडमनी कागदावर सही केली. 'वर्गात बसू द्यावे' असं वर लिहून तो आईच्या हातात दिला. मग पिशवीतून तसाच एक कोरा कागद काढला आणि बाबांकडे वळल्या.

"तुमचं पूर्ण नाव सांगता?"

"माझं?" बाबा हसले. "अहो, माझी शाळा केव्हाच सुटली."

कुणी हसलं नाही. मॅडम पेन धरून थांबल्या होत्या. बाबांचं हसू ओसरलं आणि त्यांचे कान हळूहळू लाल व्हायला लागले. कानांनंतर काय होतं, ते आईला पाठ होतं. सही झालेला कागद तिने पदराआड घेतला.

ते मुंगीलाही पाठ होतं. तिने बाबांच्या कानांकडे एकदा पाहिलं आणि फ्रिजकडे. तिचा चिमटा आधीच लालवर होता, त्याच्या वर जागा नव्हती. तरी ती पुन्हा स्टुलावर चढली. चिमटा काढून तिने लाल रंगाच्याही वर, पुठ्ठ्याच्या अगदी काठाला लावायला घेतला. टाचा उंचावल्या. स्टूल डुगडुगलं.

बाबा उठले. आईही झटकन उठली, मध्ये उभी राहिली. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

बाबा आईला वळसा घालून पुढे गेले. त्यांनी मुंगीला कमरेला धरून स्टुलावरून खाली उतरवलं. ती अंग चोरून घेत होती, हे त्यांच्या हातांना कळलं.

"राहू दे," ते म्हणाले. "मी माझा लावतो."

त्यांना स्टूल लागलं नाही.