डोंगराचा कौल

संपतरावांनी पायथ्याशीच बूट काढले, मोजे त्यात कोंबले आणि नाड्या एकमेकींना बांधून जोडी गळ्यात अडकवली. सुभेदार माणूस, केस फौजेत पांढरे झालेले. पण डोंगर दिसला की आतला साताऱ्याचा गडी बाहेर यायचाच.

"पप्पा, हा आपला गड नाहीये हां," प्रज्ञा म्हणाली. "ज्वालामुखी आहे. म्हणजे, होता."

"वर तट दिसतोय की."

"तो खूप नंतरचा. आधी आग, मग गाव."

डोंगरावर एकावर एक रचलेले दोन दगड दिसले की मराठी माणूस आधी मुजरा करतो आणि मग ते कुणाचे याची चौकशी. संपतरावांनी मुजरा केला आणि चौकशी सोडून दिली. पायथ्याच्या देवळात वाहून उरलेली झेंडूची फुलं रुमालात बांधून ते चढू लागले.

पहाटे दिल्ली छावणीतल्या क्वार्टरमधून दोघं मित्राची मारुती घेऊन निघाले होते. दिल्लीतल्याच द्वारकेच्या नव्या सोसायट्यांचे सिमेंटचे सांगाडे मागे पडले, रोहतक गेलं, भिवानी गेली, मोहरीची पिवळी शेतं लागली. एवढ्या वाटेत प्रज्ञाने तो विषय एकदाही काढला नाही. ज्वालामुखींचा अभ्यास करायला इटलीत जाण्यासाठी तिची निवड झाली होती आणि उद्या उत्तर कळवायचं होतं. आई म्हणाली होती, "त्यांना विचार." पप्पा म्हणाले होते, "बघू." त्या 'बघू'वर पोरीचा जीव टांगलेला होता. मला जे शिकायचंय ते एकदा डोळ्यांनी बघा आणि मग काय ते सांगा, म्हणून तिने त्यांना इथवर आणलं होतं.

अर्ध्या वाटेवर ती एका लालसर कड्यापाशी थांबली. दगडात बारीक रेघा होत्या, वळत, मुरडत गेलेल्या.

"हात लावून बघा. हा दगड वाहत होता. वाहता वाहता थिजलाय. सत्तर कोटी वर्षं झाली."

संपतरावांनी तळहात टेकला. "पाण्यासारखा वाहत होता?"

"नाही, घट्ट. एकदम स्लो."

"काकवी उतू जाते तशी? गुऱ्हाळात?"

"बिल्कुल तश्शी!"

ते रेघेवरून बोट फिरवत राहिले. मग एकदम वळून म्हणाले, "आणि आपल्या गावचा डोंगर?"

"तोही आगच होता, पप्पा. अख्खा सह्याद्री."

"मी त्याच्यावर शेरडं राखली," संपतराव म्हणाले. "पावसात त्याच्या कपारीत झोपलो. आणि मला पत्ताच नाही." त्यांच्या अंगावर काटा आला होता. तो लपवावा असं त्यांना वाटलं नाही. उलट बाही वर करून त्यांनी तो लेकीला दाखवला.

माथ्यावर उजाड गाव होतं. पडका तट, घरांची जोती, एक दगडी टाकं, तळाशी हिरवं पाणी. खाली क्षितिजापर्यंत सपाट मुलूख आणि त्याच्या मधोमध हा एकटा डोंगर उठलेला. प्रज्ञा इथे वर्गाबरोबर येऊन गेली होती, तरी ती पुन्हा तटाच्या कडेशी जाऊन उभी राहिली. संपतराव एका जोत्यावर उकिडवे बसून होते.

"आगीच्या डोक्यावर चुली मांडल्या लोकांनी," ते म्हणाले. मग त्यांनी रुमाल सोडला. "कौल लावतो."

"कौल? ते फूल चिकटवायचं ना? पण तो तर गावी, देवाला लावतात."

"याच्याहून जुना देव कुठला आणू?"

फौजेत भरती, लग्न, विहिरीची जागा, सगळं त्यांनी कौल लावून ठरवलं होतं. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आणि डाव्या कौलावर अपील नसतं, हे प्रज्ञाला लहानपणापासून ठाऊक होतं.

टाक्यातल्या पाण्याने त्यांनी दोन पाकळ्या भिजवल्या आणि उभ्या कातळावर चिकटवल्या. "ही उजवी, ही डावी," बोटाने दाखवून ते कातळाशी बोलले. "देवा, पोर लांब जायचं म्हणतीय. धाडायची असली तर उजवी दे. नसली तर डावी दे. मला काय कळत नाही, तूच सांग." आणि हात जोडून ते समोर बसले.

ऊन डावीकडून येत होतं. कातळाची डावी बाजू तापलेली, उजवी सावलीत ओली. कुठली पाकळी आधी वाळणार, हे सांगायला इटलीला जायची गरज नव्हती. प्रज्ञाने तोंड उघडलं आणि मिटलं. देवाला विचारून झाल्यावर मध्ये बोलायचं नसतं.

वारा पडला होता. डाव्या पाकळीची कड हळूहळू वर वळली. मग ती सुटली आणि बोटभर खाली घसरली. प्रज्ञाचे डोळे भरून आले.

संपतरावांचा हात पुढे गेला. घसरती पाकळी त्यांनी अंगठ्याखाली दाबून धरली.

"पप्पा..."

"गप बस. त्याचा विचार चाललाय अजून."

तिच्याकडे न बघता ते पुढे वाकले आणि उजव्या पाकळीवर त्यांनी हळूच फुंकर घातली.